जुना मणी सापडला तर: द्रव्य आणि वय ठरवण्याची क्रमवार पद्धत

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की करमाळा-माढ्याच्या काठावरून माझ्याकडे मण्यांचे फोटो यायला लागतात. मणी तळहातावर ठेवलेला, स्वच्छ धुतलेला, कधी तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेला. खाली एकच प्रश्न: "सर, याचे कार्बन डेटिंग कुठे होईल?" मणी बहुतेक वेळा लाल कार्नेलियनचा असतो. कार्नेलियन म्हणजे सिलिका. त्यात मोजण्याजोगा कार्बनच नसतो, मग कार्बन डेटिंग कशाचे करणार? आणि ज्यावरून वय ठरू शकले असते ती माती, तो थर, शेजारची खापरे आणि कोळसा हे सगळे काठावरच राहून गेलेले असते.

चूक प्रयोगशाळेत होत नाही, तिच्या कितीतरी आधी होते. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने करा. एक टप्पा चुकला की मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

## १. आधी प्रश्न वेगळे करा

"कशाचा आहे" आणि "केव्हाचा आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतेकदा मण्याला धक्का न लावता मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेकदा मण्यात नसतेच, मण्याभोवती असते.

"केव्हाचा" या प्रश्नाच्या पोटातही तीन प्रश्न आहेत: द्रव्य केव्हाचे, मणी घडवला केव्हा, आणि तो मातीत पडला केव्हा. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. तिथल्या कवचाचे कार्बन वय सुमारे २५ हजार वर्षे आले. ते वय अंडे घातले गेले त्या काळाचे आहे. मणी त्याच काळात घडला असे म्हणायला थर आणि सोबतची दगडी हत्यारे यांचा आधार लागतो. आपल्याला यातले नेमके काय हवे आहे ते कागदावर लिहा आणि तो कागद शेवटपर्यंत समोर ठेवा.

## २. मणी उचलण्याआधी

हा टप्पा सर्वांत लांब आहे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

मणी दिसला की हात मागे घ्या. आधी जवळून आणि लांबून फोटो काढा. फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशा दाखवणारी खूण असू द्या. मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवा. गाव, गट क्रमांक, बांधापासूनचे किंवा विहिरीपासूनचे अंतर लिहा. मणी पृष्ठभागावर होता की थरात रुतलेला, हे स्पष्ट शब्दांत लिहा. नदीकाठच्या कड्यात असेल तर वरून किती खोल आणि कोणत्या रंगाच्या थरात, तेही लिहा.

आता सोलापूरची खास अडचण. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. भेगा हातभर, कधी त्याहून खोल जातात. वरचा मणी अशा भेगेत पडतो, पावसाळ्यात भेग मिटते, आणि पुढे कोणी चर खणला की तो मणी खालच्या जुन्या थरात आढळतो. थर तीन हजार वर्षांपूर्वीचा आणि मणी आजोबांच्या काळातला, असे सहज होऊ शकते. उंदीर-घुशींची बिळे, झाडांची मुळे आणि खोल नांगरट हेच काम करतात. म्हणून मण्याभोवतीच्या मातीकडे नीट बघा. ती आजूबाजूच्या थरापेक्षा सैल, गडद किंवा वेगळ्या पोताची आहे का? मण्याच्या वर उभी रेघ दिसते का? दिसली तर तो मणी त्या थराचा नाही असे धरून चाला.

धरणाच्या काठावरच्या वस्तू पाण्याने हलवलेल्या असतात. लाटा हलकी माती वाहून नेतात आणि वेगवेगळ्या काळांतल्या जड वस्तू एकाच पातळीवर आणून ठेवतात. अशा ठिकाणी मणी आणि खापर शेजारी दिसले म्हणून दोन्ही एका काळाचे ठरत नाहीत.

पांढरीची मातीही फसवते. जुन्या गावठाणाच्या टेकाडावरची पांढरी माती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माळवदावर घालायला नेली गेली. पडक्या वाड्यात मणी मिळाला तर तो वाड्याचा नसून मूळ टेकाडाचा असू शकतो. माती कुठून आणली होती, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. त्यांना आठवते.

थांबा: आणखी मणी मिळतील म्हणून खणू नका. उत्खननाला परवानगी लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही जागा दाखवा.

तपासा: हा मणी अलीकडचा तर नाही ना? पालखीच्या वाटांवर तुळशीचे मणी, तुळजापूरच्या भक्तांच्या माळेतल्या कवड्या, बैलांच्या गळ्यातले काचमणी, तुटलेल्या मंगळसूत्राचे काळे मणी आपल्या शेतांत शतकानुशतके पडत आले आहेत. शेतात मिळालेल्या भोकाच्या कवडीला आधी तुळजापूरची समजा. ती प्राचीन आहे हे नंतर सिद्ध करा.

## ३. डबी, चिठ्ठी, आणि धुणे नाही

मणी धुऊ नका. भोकातली माती कोरू नका. त्या मातीत दोऱ्याचे तंतू, गेरू, डिंक यांचे अंश असू शकतात, आणि एकदा ब्रश फिरला की ते गेले.

स्वच्छ हातमोजे घालून मणी छोट्या कडक डबीत ठेवा. कापसात गुंडाळू नका. कापसाचे तंतू खडबडीत पृष्ठभागात अडकतात आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली "प्राचीन धागा" म्हणून फसवतात. मी स्वतः एकदा शंखाचे मणी कापसात ठेवले होते. नंतर भोकात दिसलेला धागा जुना की माझ्याच कापसाचा, हे आजतागायत सांगता आलेले नाही. हाड, शिंपला, कोळसा यांचे वय काढायचे असेल तर ते अॅल्युमिनियमच्या स्वच्छ पन्नीत गुंडाळून मग डबीत ठेवा. कपाटात डांबरगोळी नको. मण्यावर नेलपॉलिश लावून क्रमांक टाकू नका, फुटका मणी डिंकाने चिकटवू नका. चिठ्ठी डबीच्या बाहेर लावा.

मण्याभोवतीची मूठभर माती वेगळ्या पिशवीत घ्या. ती पुढे दोनदा लागणार आहे.

परवानगी असलेल्या उत्खननात काम करत असाल तर माती बारीक चाळणीने चाळा. शंखजिऱ्याचे (स्टिएटाइट या मऊ दगडाचे) सूक्ष्म मणी एक-दोन मिलिमीटरचे असतात. खडी चाळायच्या चाळणीतून ते सगळे खाली जातात आणि मग "या थरात मणी नाहीत" असे अहवालात लिहिले जाते.

## ४. मोजमाप

लांबी, व्यास, दोन्ही टोकांना भोकाचा व्यास आणि वजन मोजा. कॅलिपरचे धातूचे जबडे मऊ द्रव्यावर ओरखडे काढतात, म्हणून प्लॅस्टिकचे वापरा. सगळ्या बाजूंनी आणि भोकाच्या दोन्ही टोकांकडून फोटो काढा. या कामाला घाई नको, एवढेच.

## ५. भिंग आणि सूक्ष्मदर्शक

आधी दहापट भिंग, मग २० ते ५० पट दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक. प्रकाश तिरपा टाका. वरून सरळ टाकलेल्या प्रकाशात खुणा दिसत नाहीत.

पहिल्यांदा भोक बघा. दोन्ही बाजूंनी निमुळते होत मध्ये मिळणारे भोक असेल तर ते दगडी टोच्याने दोन्हीकडून पाडलेले असण्याचा संभव आहे. सरळ, एकसारख्या जाडीचे आणि आत नियमित वर्तुळाकार चऱ्या असलेले कठीण दगडातले भोक हिऱ्याच्या कणीच्या सामत्याकडे (भोक पाडायच्या हत्याराकडे) बोट दाखवते. ती रीत भारतात इतिहासकाळातली आहे आणि खंभातचे कारागीर ती आजही वापरतात. असा मणी प्रागैतिहासिक म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा. खात्री हवी असेल तर तज्ज्ञाकडून भोकात सिलिकॉनचा ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मात्र ठसा घेण्याआधी भोकातली माती जपून काढून, क्रमांक घालून ठेवलेली असली पाहिजे. सच्छिद्र मण्यात सिलिकॉन घालू नये, तो आत मुरतो.

मग झीज बघा. भोकाची कड एका बाजूला गुळगुळीत झिजली असेल तर मणी दोऱ्यात बराच काळ ओवलेला होता.

काच असेल तर आतले बुडबुडे बघा. भोकाला समांतर ताणलेले असतील तर मणी ओढलेल्या नळीतून कापलेला आहे, भोकाभोवती फिरलेले असतील तर सळईवर गुंडाळून केलेला. बार्शीच्या बाजूला पृष्ठभागावर मिळणारा काचमणी पाहताना तेर या प्राचीन गावाची आठवण ठेवा. तिथल्या सातवाहनकालीन वस्तीतले मणी लामतुरे संग्रहालयात बघायला मिळतात. एकदा जाऊन डोळ्यांनी बघा, फोटोवर भागवू नका.

## ६. द्रव्य ओळखणे: न दुखावणाऱ्या चाचण्या

थांबा: ओरखडा काढून कठीणपणा बघणे, आम्लाचा थेंब टाकणे, तापलेली सुई टेकवणे, हाड आहे का हे जिभेला लावून बघणे, या चारही गोष्टी बंद. जुन्या सवयीने लोक अजूनही करतात. आम्लाने शिंपल्याचा पृष्ठभाग कायमचा जातो आणि लाळेमुळे नमुना दूषित होतो.

घनता. दगड आणि न कुजलेली काच यांच्यासाठी ही सोपी आणि स्वस्त चाचणी आहे. सराफाकडचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा चालतो. मणी हवेत तोला, मग बारीक तारेला अडकवून उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून तोला. हवेतले वजन भागिले दोन वजनांतला फरक, म्हणजे घनता. हवेत १.३२५ ग्रॅम, पाण्यात ०.८२५ ग्रॅम, फरक ०.५००, म्हणून घनता २.६५. हे क्वार्ट्झ. कॅल्सेडनी, अकीक, कार्नेलियन यांची घनता २.६ च्या आसपास, कॅल्साइटची २.७१, अॅरॅगोनाइटची (दोन्ही चुन्याची खनिजे) २.९ च्या वर, साध्या काचेची २.५ च्या आसपास, आणि शिसे जास्त असलेली काच ३ च्या पुढे जाते.

दोन चुका नेहमी होतात. भोकात बुडबुडा अडकतो आणि घनता कमी येते. ओला मऊ कुंचला फिरवून तो काढा. दुसरी, फार लहान मणी. ०.१ ग्रॅमच्या मण्यात एक मिलिग्रॅमची चूक झाली तरी २.६५ चा आकडा ०.०७ ने इकडेतिकडे होतो, आणि मग क्वार्ट्झ व कॅल्साइट वेगळे सांगता येत नाहीत. भाजलेली माती, हाड, शिंपला, फायन्स (क्वार्ट्झची भुकटी भाजून केलेले चकाकीचे द्रव्य) पाण्यात बुडवू नका. भोकातला अवशेष तपासायचा असेल तर कोणताच मणी बुडवू नका.

रामन. लेझरचा बारीक ठिपका मण्यावर टाकून खनिज ओळखतात. क्वार्ट्झची ठळक रेषा ४६४ वर (एकक: प्रति सेंटिमीटर), हाडातल्या अॅपेटाइटची ९६० च्या आसपास. कॅल्साइट आणि अॅरॅगोनाइट दोघांचीही मुख्य रेषा १०८५ जवळ येते, म्हणून फरक ७१२ (कॅल्साइट) की ७०५ (अॅरॅगोनाइट) यावर करतात. हा फरक वय काढताना फार महत्त्वाचा ठरतो, खाली सांगतो. लेझरची शक्ती कमीत कमी ठेवायला सांगा. गडद मणी भाजू शकतो.

एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती). यात मूलद्रव्ये कळतात, खनिज नाही. हातातले यंत्र सोडियम पकडत नाही आणि मॅग्नेशियम जेमतेम दाखवते. शंखजिरे हे मॅग्नेशियमचेच खनिज, त्यामुळे एकट्या एक्सआरएफवरून ते ठरवू नका. यंत्राची खिडकी मण्यापेक्षा मोठी असेल तर खालचा आधारही मोजला जातो. आधी रिकाम्या आधाराचे वाचन घ्या. सर्वांत मोठी चूक आपल्याच मातीची: बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत लोह आणि टायटॅनियम भरपूर असते. मण्यावर तिचा पातळ थर असला तरी आकडे फुगतात. एका नमुन्याचा अहवाल मला "लोहयुक्त खडक" असा आला होता. मणी शंखाचा होता. म्हणूनच सोबतची माती जपून ठेवायला सांगितली: तिचेही वाचन घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन). खनिज निश्चित करण्याची ही चांगली पद्धत आहे, पण नेहमीच्या पद्धतीला भुकटी लागते. मणी अखंड ठेवून वाचन घेता येईल का, हे आधी विचारा. शंखजिरे मूळचे नखाने ओरखडा पडेल इतके मऊ असते. भट्टीत तीव्र तापले की त्याचे एन्स्टॅटाइट हे दुसरे खनिज होते आणि मणी कठीण होतो. भाजलेला आहे की नाही, हे एक्सआरडी स्पष्ट सांगते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पवईच्या आयआयटीत बाहेरून आलेल्या नमुन्यांची शुल्क घेऊन तपासणी होते. जाण्याआधी "नमुना अखंड परत हवा" हे लेखी द्या.

तपासा: लाल रंग बघून "गुजरातचा कार्नेलियन" असे लिहू नका. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी आणि अकीक भरपूर मिळतात, आणि पिवळसर दगड तापवून लाल करता येतो. मूळ खाण सांगायला सूक्ष्म मूलद्रव्यांचे मापन आणि खाणींच्या नमुन्यांशी तुलना लागते. उलट शंखजिरे बेसॉल्टच्या प्रदेशातले नाही आणि समुद्री शंख तर नक्कीच नाही. हे दोन्ही बाहेरून आले, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते.

## ७. वय कशाचे काढायचे ते ठरवा

दगडी मण्याचे थेट वय काढता येत नाही. त्याचे वय थरावरून काढायचे असते: त्याच थरातल्या जळलेल्या धान्यावरून, कोळशावरून, गाळावरून. कोळशापेक्षा धान्य चांगले. मोठ्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड जळण्याच्या वेळीच शंभर-दोनशे वर्षे जुने असू शकते. दाणा मात्र एका हंगामाचा असतो.

भाजलेल्या मातीच्या मण्याला थर्मोल्युमिनेसन्स (शेवटचे भाजल्यापासून साठलेली किरणोत्साराची मात्रा मोजणे) सुचवले जाते. त्यात वरचा सुमारे दोन मिलिमीटरचा थर काढून टाकतात. लहान मण्यात मग उरते काय? त्याच थरातले जाड खापर पाठवा, सोबत भोवतालची मातीही द्या, कारण किरणोत्साराचा दर तिच्यावरून काढतात.

गाळाचे वय ओएसएलने (प्रकाश-उत्तेजित दीप्तीने) काढता येते. कणांवर शेवटचा उजेड केव्हा पडला ते ती पद्धत मोजते. मात्र आपल्याकडच्या बेसॉल्टी गाळात क्वार्ट्झचे कण कमी असतात, हे प्रयोगशाळेला आधी सांगा. भेगाळणाऱ्या काळ्या मातीतून नमुना घेऊ नका, कारण वरचे उजेड लागलेले कण खाली गेलेले असतात. तिच्याखालचा न हललेला गाळ निवडा. धातूची नळी ठोकून, काळ्या कापडाखाली, दोन्ही तोंडे लगेच बंद करून घ्या.

आता शिंपला, हाड आणि अंड्याचे कवच. यांचे कार्बन वय निघते, पण प्रत्येकात एक खाच आहे.

समुद्री शंख: समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, त्यामुळे वय काही शतकांनी जास्त दिसते. समुद्राची वेगळी दुरुस्ती लावावीच लागते.

नदीतला शिंपला आणि जमिनीवरची गोगलगाय: भीमा-सीनेच्या खोऱ्यात चुनखडीचे खडे जागोजागी आहेत. त्यांतला मृत (किरणोत्सार संपलेला) कार्बन कवचात जातो आणि वय फुगते. किती, ते जागेवर अवलंबून असते. दुसरे काही उपलब्ध असेल तर हे टाळा.

शंखाचे कवच मूळचे अॅरॅगोनाइटचे असते. ते जमिनीत विरघळून पुन्हा कॅल्साइट म्हणून जमले तर बाहेरचा कार्बन आत शिरलेला असतो. म्हणून नमुना काढण्याआधी रामनचा तो ७०५ की ७१२ हा निकाल बघा. ७१२ आला तर थांबा. शहामृगाच्या अंड्याला मात्र हा नियम लावू नका. ते कवच मुळातच कॅल्साइटचे असते. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मूळ रचना शाबूत आहे का ते बघावे लागते.

हाड: वय कोलॅजेन या हाडातल्या प्रथिनावरून काढतात आणि आपल्या उष्ण हवामानात ते फार कमी टिकते. भोवतालच्या बिगर-मणी हाडाच्या तुकड्यावर आधी कोलॅजेन शिल्लक आहे का ते तपासून घ्या. तिथेच नसेल तर मण्याला हात लावू नका.

## ८. नमुना काढणे आणि पाठवणे

एएमएस (कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या) पद्धतीला साधारण एक मिलिग्रॅम कार्बन लागतो. चुनखडीच्या कवचात कार्बन वजनाने १२ टक्के असतो, म्हणजे किमान आठ-नऊ मिलिग्रॅम कवच, आणि साफसफाईत जाणारे वेगळे. मण्याचे वजन आधीच मोजलेले आहे. त्यातून हे वजा करून बघा. अखंड एकुलता एक मणी कधीही देऊ नका. फुटका मणी किंवा अर्धवट घडवलेला तुकडा असेल तर तो द्या. नमुना काढण्याचा निर्णय ज्याच्या ताब्यात मणी आहे त्या संस्थेने लेखी द्यावा.

देशात दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटर, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि लखनौची बिरबल साहनी संस्था इथे कार्बन वयाचे काम होते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा तुकडा टपालाने परदेशी प्रयोगशाळेला परस्पर पाठवणे हा गुन्हा आहे.

फॉर्मवर डिंक, तेल, रसायन, प्लॅस्टिक काहीही लागले असेल तर ते लपवू नका. का, ते आकड्यांनी सांगतो. ३ हजार वर्षांच्या नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय पस्तीसेक वर्षांनी कमी येते. ४० हजार वर्षांच्या नमुन्यात तोच एक टक्का वय सुमारे ३३ हजारांवर आणतो. पेट्रोलियमपासून बनलेल्या पदार्थाचा कार्बन मृत असतो. तो एक टक्का असला तर वय साधारण ८० वर्षांनी वाढते.

## ९. निकाल वाचणे

प्रयोगशाळेकडून "२४५० ± ३०" असा आकडा येतो, म्हणजे १९५० पासून मागे मोजलेली कार्बन वर्षे. यातून थेट १९५० वजा करून "इसवी सनपूर्व ५००" असे लिहू नका. ही चूक मी छापील अहवालांतही बघितली आहे. हा आकडा कॅलिब्रेट करावा, म्हणजे ठरलेल्या वक्रावरून खऱ्या वर्षांत बदलावा लागतो: जमिनीवरच्या नमुन्याला इंटकॅल२० आणि समुद्री नमुन्याला मरीन२० हा वक्र. नेमका २४५० च्या आसपास हा वक्र सपाट आहे, त्यामुळे उत्तर इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंत पसरते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची उत्तर जोर्वे काळातली (ताम्रपाषाण) वस्ती इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास संपली असे मानतात. म्हणजे ताम्रपाषाण की इतिहासकाळ, या आपल्या भागातल्या कळीच्या प्रश्नावरच हा सपाट भाग येतो. अशा वेळी एका तारखेवर निर्णय घेऊ नका. वरच्या आणि खालच्या थरांतून आणखी धान्य पाठवा.

नोंदवहीत प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ आकडा, वापरलेला वक्र, लावलेली दुरुस्ती आणि नमुना नेमका कशाचा होता, हे पाचही लिहा. निष्कर्षाचे वाक्य असे असावे: "कार्नेलियनचा मणी, रामनने निश्चित; भोक दोन्ही बाजूंनी; अमुक थरात, भेगेची खूण नाही; त्याच थरातल्या जळलेल्या धान्याचे वय अमुक ते अमुक." आणि भेगेची खूण असेल तर त्याच जागी "भेगेची खूण आहे, थराचे वय मण्याला लावलेले नाही" असे लिहा.